विषय: लेकीला हातगाडीच्या ट्रेकला पाठवावं का?

नमस्कार मंडळी,

आम्हाला यूटातल्या लेहीला येऊन दोन वर्षं झाली. लेक १५ वर्षांची आहे. तिच्या मैत्रिणीच्या मॉर्मन चर्चची मुलं, त्यांचे पूर्वज हातगाड्या ओढत इकडे आले त्याची आठवण म्हणून, जुलैमध्ये तीन दिवस वायोमिंगला तशाच हातगाड्या ओढत चालणार आहेत आणि हिलाही बोलावणं आलंय. लांब परकर, डोक्याला बॉनेट, फोन घरी ठेवायचा. ही जायचंच म्हणून हटून बसली आहे. तिच्या बाबांना धर्माची काळजी, मला उन्हाची. कोणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

— मृ. जो., लेही

---

मृ.ताई,

मी दोनदा गेले आहे. यजमान या चर्चचे सभासद आहेत, मी नाही. तरी दुसऱ्या वेळी आम्हा दोघांना ‘मा’ आणि ‘पा’ केलं आणि नऊ मुलं आमच्या हवाली केली. एक हातगाडी म्हणजे एक कुटुंब. तीन दिवस त्यांचं खाणं, पाणी, रुसवेफुगवे सगळं आपल्याकडे.

आधी उन्हाचं सांगते. ट्रेक होतो तो वायोमिंगमधला मार्टिन्स कोव्हचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६,००० फुटांवर आहे. हवा कोरडी, त्यामुळे घाम अंगावर दिसतच नाही आणि मुलांना तहान लागल्याचं उशिरा कळतं. मी दर थांब्याला प्रत्येकाची बाटली हातात घेऊन हलवून बघायची. ‘प्यायलो’ म्हणणाऱ्या मुलाची बाटली भरलेली निघाली, की तिथेच उभं राहून प्यायला लावायची. दुसरं म्हणजे पाय. आमच्यातल्या एका मुलाने नवे कोरे बूट आणले होते. पहिल्या दुपारी मोजा काढला तर टाचेवर रुपयाएवढा फोड, आणि हा बोलला नव्हता, कारण बाकीचे ओढतायत आणि आपण कसं थांबायचं! माझी आजी माळकरी होती, वारीत मुक्कामाला पोचलं की आधी पाय धुऊन तेल चोळायची, मग बाकीचं. मी तोच नियम लावला. तंबू ठोकायच्या आधी सगळ्यांनी बूट-मोजे काढून पाय दाखवायचे. तेव्हा लेकीचे बूट आत्ताच घ्या आणि रोज घालून चालायला लावा.

सामान एका पाच गॅलनच्या बादलीत बसवायचं असतं, वजन १७ पौंड. तो आकडा खरा आहे, १८५६ साली मोठ्या माणसाला तेवढंच सामान न्यायची मुभा होती. युरोपातून आलेली या चर्चची गरीब माणसं ती. बैलगाडी परवडेना म्हणून आयोवा सिटीपर्यंत रेल्वेने यायचं आणि पुढे हजार मैलांहून जास्त हातगाडी ओढत सॉल्ट लेकला पोचायचं. १८५६ ते १८६० या काळात असे दहा तांडे आले, सुमारे ३,००० माणसं. त्यांतले आठ बऱ्यापैकी सुखरूप पोचले. ट्रेकवर मुलांना सांगतात ती गोष्ट मुख्यतः उरलेल्या दोघांची, विली आणि मार्टिन यांच्या तांड्यांची.

आणि इथे माझा आग्रह आहे. ही गोष्ट मुलांना पूर्ण सांगायला हवी. हे लोक निघालेच उशिरा. गाड्या ओल्या लाकडाच्या, कोरड्या हवेत ते आक्रसून चाकं खिळखिळी झाली. ऑगस्टमध्ये नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला सभा झाली, तेव्हा लीवाय सॅव्हेज नावाच्या माणसाने उभं राहून सांगितलं, की म्हातारेकोतारे आणि लहान मुलं घेऊन आता पुढे जाऊ नका, हिवाळा इथेच काढा. त्याचं कोणी ऐकलं नाही. तेव्हा तो म्हणाला, मी बोललो ते खरं आहे, पण तुम्ही जाणारच असाल तर मीही तुमच्याबरोबर येतो, कष्ट करीन, वेळ आली तर मरेन. हा सॅव्हेज धर्मप्रचारासाठी ब्रह्मदेशात राहून, कलकत्ता बघून नुकताच परतत होता. ऑक्टोबरमध्ये बर्फाने गाठलं, आणि दोन्ही तांड्यांतली मिळून दोनशेहून जास्त माणसं दगावली. रॉक क्रीकला एकाच खड्ड्यात १३ जण पुरले आहेत.

रात्री शेकोटीपाशी मी हे सांगितलं, तर एक मुलगा म्हणाला, “मग थांबले का नाहीत?” मला तोच प्रश्न हवा होता. आम्ही तासभर त्यावर बोललो. श्रद्धा असली म्हणजे चूक होत नाही असं नाही, हे १६ वर्षांच्या मुलाला कळतं, आपण सांगायला घाबरतो. नियोजनाच्या बैठकीत कोणीतरी पिठाची पिशवी बाळ म्हणून द्यायची आणि वाटेत ते ‘वारलं’ म्हणून पुरायला लावायचं, असं सुचवलं होतं. मी ठाम नाही म्हटलं. खऱ्या बाळांची खोटी अंत्यक्रिया करून मुलांना रडवायचा आपल्याला अधिकार नाही.

‘विमेन्स पुल’ मात्र विसरणार नाही. चढाच्या पायथ्याशी सगळ्या मुलग्यांना बाजूला काढतात आणि गाड्या फक्त मुली ओढतात. १८४६ साली मॉर्मन पुरुष लष्करात भरती होऊन गेले त्याची आठवण म्हणून, असं सांगतात. हातगाड्या त्यानंतर दहा वर्षांनी आल्या, म्हणजे इतिहास म्हणून ते जुळत नाही. पण नवरा वाटेत गेल्यावर गाडी पुढे नेणाऱ्या बायका होत्याच. आमच्या चार मुली आडव्या दांड्याला छाती लावून रेटत होत्या, टाचा वाळूत रुतत होत्या. मुलगे दोन्ही बाजूंना टोप्या हातात धरून उभे, कोणी बोलेना. मदतीला धावू नये म्हणून मी स्वतःचे हात पाठीमागे धरून ठेवले होते. वर पोचल्यावर सगळ्यात लहानखुरी मुलगी मागे वळली आणि दुसऱ्या कुटुंबाची गाडी ढकलायला खाली उतरली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

धर्माचं मी लपवत नाही. रोज प्रार्थना, भजनं, आणि शेवटच्या रात्री मुलं एकेक उठून श्रद्धेबद्दल बोलतात. थकलेल्या मुलांना तेव्हा भरून येतं. लेकीला आधीच सांगून ठेवा, की नुसतं शांत बसलं तरी चालतं, आणि बोलायचं नसेल तर ‘मा’ला तसं सांगायचं. चांगली ‘मा’ समजून घेते. तुम्ही तिला आधी भेटा, चहाला नको (ही मंडळी चहा घेत नाहीत), सरबताला बोलवा.

— सु. कु., प्रोव्हो

---

सु.ताईंना दुजोरा. एक भर घालतो. या चर्चचे ह्यू फिंडले १८५२ साली मुंबईत उतरले होते आणि पुण्यातही त्यांनी छोटी मंडळी जमवली होती. तेव्हा बाबांनी मुलीला पाठवताना हेही सांगावं, की प्रचारक आपल्या गावी येऊन गेलेत आणि आपण अजून आपणच आहोत. शाकाहारी असाल तर जेवणाचं मात्र आधी लेखी कळवा.

— वि. रा., सँडी

---

सु.ताई, काका,

मनापासून आभार. मैत्रिणीच्या आईला आणि यंदाच्या ‘मा’ला रविवारी घरी बोलावलं होतं. सॅव्हेजची गोष्ट सांगणार का, असं लेकीनेच विचारलं. त्या म्हणाल्या, तूच सांग. आता ती रोज संध्याकाळी बाबांबरोबर नवे बूट घालून कालव्याच्या कडेने तीन मैल चालते, आणि वाटेत त्यांना ती गोष्ट सांगायची तालीम करते.

— मृ. जो.