३यू क्यूबसॅटवरून जाळं फेकून अवकाशातला कचरा पकडता येईल का?

मिरज_जंक्शन
नमस्कार. सांगलीकडच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही सहा जण कचरा काढण्याचं तंत्र तपासणारा छोटा उपग्रह डिझाइन करतोय. ३यू, म्हणजे १० × १० × ३० सेंमी, वजन ४ किलोच्या आत. बंद पडलेल्या उपग्रहाजवळ जायचं, जाळं फेकायचं, खाली ओढायचं. गाईड सर म्हणतात, आवाका फार झाला. काय वगळावं? खर्च कॉलेजला झेपला पाहिजे.

खडकी_बाजार
सरांचं ऐका. आधी जाळं काढा, मग पाठलागही काढा.

अर्धा किलोचं जाळं सेकंदाला २ मीटरने फेकलंत, तर उरलेले साडेतीन किलो सेकंदाला जवळजवळ ३० सेंमीने मागे जातात, वर गिरक्याही घेतात. त्या सावरायला थ्रस्टर (ढकलणारी छोटी इंजिनं), इंधन, कॅमेरे हवेत. ४ किलोत ते बसवणं तुमच्या बजेटच्या पलीकडचं. दोन उपग्रह अवकाशात जोडण्याच्या इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत दोन्ही उपग्रह घरचेच, प्रत्येकी २२० किलोचे. ३० डिसेंबर २०२४ ला उडाले, जोडणी झाली १६ जानेवारीला. शिवाय मेलेल्या उपग्रहावरही मालकी तो सोडणाऱ्याचीच असते, परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

ब्रिटनच्या सरे विद्यापीठाच्या रिमूव्हडेब्री उपग्रहाने २०१८ मध्ये जाळं टाकलं, पण उपग्रह १०० किलोचा, खर्च दीड कोटी युरोच्या आसपास, आणि सावजही स्वतःच सोडलेलं, सात मीटरवर. त्याच मोहिमेत शेवटी शीड उघडायचं होतं, म्हणजे वरच्या विरळ हवेचा अडथळा वाढवून उपग्रहाला लवकर खाली आणणारा पातळ पडदा. सगळ्यात साधं वाटणारं काम, तेच नीट झालं नाही.

म्हणून तुम्ही फक्त शीड घ्या. स्वतःलाच कचरा समजा आणि स्वतःला खाली आणून दाखवा. अमेरिकेत ब्राऊन विद्यापीठाच्या मुलांनी स्बडनिक असाच केला: ३यू, ४८ पेन्सिल सेल, आर्डुइनो (स्वस्त कंट्रोलर बोर्ड), कॅप्टॉन या उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिक फिल्मचं शीड, खर्च सुमारे १०,००० डॉलर. मे २०२२ मध्ये उडाला. मार्च २०२३ पर्यंत ४७० किमीवर आला होता, तेव्हा बरोबर सोडलेले बाकीचे अजून ५०० च्या आसपास किंवा वर होते. ऑगस्ट २०२३ मध्ये जळून गेला. हा फरक मोजणं हीच तुमची चाचणी.

आता आमचं गाडं जिथे अडलं ते सांगतो. आम्ही शीड तंगुसाने, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याने, बांधलं होतं, त्याला नायक्रोमची तार टेकवलेली. करंट सोडला की तंगूस वितळून तुटतो, बोहरी आळीतून आणलेल्या मेजरिंग टेपच्या पट्ट्या उसळतात आणि शीड पसरतं. मार्चमध्ये चार सेकंदांत उघडायचं. मग परीक्षा, सुट्टी, पावसाळा, मॉडेल कपाटात. सप्टेंबरात परीक्षकांसमोर बटण दाबलं. तार लाल झाली, शीड ढिम्म. नायलॉन दमट हवेतलं पाणी शोषतो आणि ताणाखाली हळूहळू लांबतो. दीडेक मिलिमीटर ढिला पडून तो तारेपासून सुटला होता. आमची दोन वर्षांची मेहनत त्या फटीत अडकली, अजून आठवलं की पोटात कालवतं. उपग्रह उडण्याआधी महिनोन्‌महिने असाच घडी करून ठेवलेला असतो. तार स्प्रिंगवर बसवा, म्हणजे दोरा सैल झाला तरी ती टेकूनच राहील. आणि अशा दोन, वेगळ्या सर्किटवर.

ध्रुवकक्षा
पोएमही बघा. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर प्रयोगांना वापरायला देतात, वीज आणि संदेशवहन त्याचंच. इन-स्पेस या सरकारी संस्थेमार्फत कॉलेजांनाही जागा मिळते. पोएम-४ वर तर कचरा पकडणारा इस्रोचा रोबॉटिक हातही होता.

खडकी_बाजार
शीड उघडतं का ते तपासायला उत्तम. पण पोएम-४ साधारण ३५० किमीवर होता. तिथे सगळंच काही महिन्यांत खाली येतं, शिडाने किती वेळ वाचवला ते कळणार नाही. तेवढ्यासाठी ५०० च्या वरच जायला हवं.

मिरज_जंक्शन
धन्यवाद दादा. शीड ठरलं. शीट मायलरची (चकचकीत पॉलिस्टर फिल्म) चालेल का? स्वस्त मिळते.

खडकी_बाजार
घड्या शिकायला चालेल, उडवायला कॅप्टॉन घ्या. आधी मायलरवर शंभर घड्या घाला, दर वेळी कोणता कोपरा अडकतो ते वहीत लिहा. आणि एक मॉडेल आजच बांधा, डब्यावर तारीख टाका, पावसाळाभर खिडकीत ठेवा. गणपती झाले की बटण दाबा आणि इथे येऊन सांगा.