सुधारणा अधिनियम की सुधारित अधिनियम?

तळटीप
एका संस्थेच्या कायदेविषयक पुस्तिकेचं मराठी करतोय. पहिल्याच पानावर अडलो. सांगायचंय एवढंच की, पुढे दिलेला मजकूर कायदा मंजूर झाला तेव्हाचा नाही, नंतरच्या सगळ्या दुरुस्त्या त्यात घालून घेतल्या आहेत. मी 'सुधारित अधिनियम' लिहिलं. मुद्रितशोधकांनी जिथे जिथे ते होतं तिथे 'सुधारणा अधिनियम' करून पाठवलं, कारण म्हणे राजपत्रात तसंच असतं.
राजपत्रात असतं ते खरं, पण ती वस्तू वेगळी. 'अमुक कलमातील तमुक मजकुराऐवजी पुढील मजकूर दाखल करण्यात येईल' एवढंच सांगणारा दोन पानी कागद म्हणजे सुधारणा अधिनियम. मला हवाय त्याचा परिणाम होऊन तयार झालेला मजकूर. आणि तिसरा, मूळचा, हात न लागलेला. तिघांना तीन नावं आहेत का मराठीत? इंग्रजी शब्द नका देऊ, तो समोरच पडलाय.

अक्षरशत्रू
'संशोधित' म्हणा की. हिंदीत सर्रास चालतं.

जोडाक्षर
हिंदीत चालतं म्हणूनच नको. टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती, 'कायद्यात संशोधन करणार'. आमचे काका म्हणाले, "चला, कुणीतरी वाचून तरी बघणार एकदाचा."
मराठीत संशोधन प्रयोगशाळेत किंवा दफ्तरखान्यात होतं. आपल्या संविधानाच्या मराठी पाठात 'बेचाळीसावी सुधारणा' आहे, संशोधन नाही. गुजरातीतही 'सुधारो'च म्हणतात.

अक्षरशत्रू
तुमच्या काकांना नमस्कार, पण संशोधनाचा मूळ अर्थ शुद्ध करणं हाच. पोथीचं संशोधन म्हणजे पाठ तपासून शुद्ध करणं. 'रीसर्च' हा अर्थ नंतर चिकटलाय. शुद्ध केलेला मजकूर तो संशोधित, व्याकरण तरी माझ्या बाजूने आहे.

पोटकलम
व्याकरण असेल, पण दिशा उलटी आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली (१९६६ मध्ये पुरी झाली), तेव्हा मागून घुसलेले श्लोक बाहेर काढून जुन्यात जुना पाठ गाठायचा प्रयत्न होता. कायद्याच्या मजकुराचं नेमकं उलट. तिथे मागाहून घुसलेलं तेच खरं, आणि जुना पाठ मेलेला. पोथीवाल्यांचा शब्द इथे आणला तर वाचक मूळ पाठाकडे जाईल, तळटीपरावांना न्यायचंय शेवटच्या पाठाकडे.
माझं उत्तर: एक शब्द शोधूच नका. राज्याच्या कायद्यांच्या शासकीय प्रतींवर कंसात 'अमुक दिनांकापर्यंत सुधारित' असं असतं. तेवढं पुरे. त्यातला 'सुधारित' हा शब्द गौण आहे, तारीख महत्त्वाची.

नित्यनवा
'अद्ययावत' कुणी कसं नाही सुचवलं?

पोटकलम
कारण तो छापील पानावर टिकत नाही. अद्य यावत्, म्हणजे आजपर्यंत. कुणाच्या आजपर्यंत? छापणाऱ्याच्या की वाचणाऱ्याच्या? माझ्या कपाटात 'अद्ययावत' लिहिलेली चार पुस्तकं आहेत आणि चौघांचा आज वेगवेगळा आहे. हिंदी संविधानाच्या मुखपृष्ठावर तारीख देऊन पुढे 'को यथाविद्यमान' असं असतं. त्या दिवशी जसं होतं तसं. शब्द जड आहे, पण प्रामाणिक आहे.

मोडीवाचक
यथाविद्यमान!! हे वाचून सामान्य माणूस पुस्तक मिटेल. 'घटनादुरुस्ती' सगळ्या महाराष्ट्राला कळते. ७३वी घटनादुरुस्ती म्हणतो सरपंच, ७३वी संविधान सुधारणा कुणी म्हणत नाही. मग 'दुरुस्त केलेला कायदा' म्हणायला काय हरकत आहे?

जोडाक्षर
हरकत अशी की दुरुस्ती मोडलेल्या वस्तूची होते. प्रत्येक वेळी कायदा मोडलेलाच असतो असं नाही, कधी नुसता दंडाचा आकडा वाढवतात. अर्थात 'सुधारणा' तरी कुठे निष्पक्ष आहे? एखाद्या दुरुस्तीने कायद्याचं वाटोळं झालं तरी कागदावर ती सुधारणाच. विरोधी पक्षाच्या आमदाराने सभागृहात "ही सुधारणा घातक आहे" म्हणायचं, म्हणजे भाषेनेच त्याला निम्मा हरवलेला.
रंग नसलेला शब्द हवा असेल तर 'बदल' किंवा 'फेरफार'.

जुनी_वही
फेरफार तलाठ्याने कधीच नेलाय! गाव नमुना सहा, फेरफार नोंदवही. 'फेरफार केलेला कायदा' म्हटलं तर शेतकरी विचारेल, कुणाच्या नावावर झाला?
पण उदाहरण म्हणून सातबारा फार चांगला आहे. फेरफार नोंद मंजूर झाली की तिचा परिणाम सातबाऱ्यावर येतो. वाचताना आपण सातबारा बघतो, शंका आली तर फेरफार काढतो. सुधारणा अधिनियम आणि सुधारित मजकूर यांचं नातं तेच. फक्त एक गंमत आहे. मी महसुलातून निवृत्त झाल्यावर एका वकिलांच्या ग्रंथालयात काही काळ बसत असे, तिथे कायद्याचं पुस्तक पहिल्यांदा नीट उघडलं आणि डोकं गरगरलं. ओळीत मध्येच चौकटी कंस, कंसाच्या डोक्यावर बारीक आकडा, कंसाच्या पोटात आणखी एक कंस, आणि पानाचा खालचा अर्धा भाग तळटीपांनी भरलेला. मी सवयीने कंसातला मजकूर रद्द समजून पुढे वाचत होतो. कारण आमच्याकडे नावाला कंस केला म्हणजे तो माणूस सातबाऱ्यावरून गेला! कायद्यात कंस म्हणजे नवीन आलेला, आणि जो गेला त्याच्या जागी नुसत्या चांदण्या.
त्या ग्रंथालयातला शिपाई दर काही महिन्यांनी शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या कापून पुस्तकात डिंकाने चिकटवायचा. काही पानं इतकी जाड झाली होती की पुस्तक मिटायचंच नाही. त्या चिकटवलेल्या पुस्तकाला तो 'चालू पुस्तक' म्हणायचा, आणि बाकीच्यांना 'बंद'. माझं मत 'चालू मजकूर'ला.

नित्यनवा
'चालू मजकूर' मस्त! पण 'चालू'चा दुसरा अर्थही आहे, आणि कायद्याच्या बाबतीत तो चुकीचा म्हणता येणार नाही.

मोडीवाचक
या निमित्ताने एक. 'कलम' म्हणजे लेखणी हे सगळे सांगतात. पण आंब्याचं कलम आठवा. जुन्या खोडावर नवी फांदी बांधायची, आणि काही वर्षांनी सांधा कुठे होता ते कळू नये. कायद्यात नवं कलम घालणं हे अगदी तेच काम आहे. मला वाटतं कायद्याचं कलम तिथूनच आलं.

पोटकलम
सुंदर आहे, खरं नाही. दोन्ही कलमं अरबी 'क़लम'वरूनच, म्हणजे बोरूवरूनच आली. बोरूही कापायचा, फांदीही कापायची. सांधा कळू नये हे तर कायद्याला अजिबात परवडत नाही, म्हणून तर जुनी_वही यांना दिसलेले ते कंस.
आता मूळ प्रश्नाकडे. 'सुधारणा' आणि 'सुधारित' यांत गल्लत का करू नये, त्याचं ठोस कारण आहे. सुधारणा अधिनियम अमलात आला की त्यातला मजकूर मुख्य अधिनियमात जातो आणि त्या दोन पानी कागदाला फारसं काम उरत नाही. असे जुने कागद संसद अधूनमधून एकगठ्ठा निरसित करते, म्हणजे नवा कायदा करून काढून टाकते. पण मग त्याने घातलेली कलमंही जातात का? नाही. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ (इतर कायदे कसे वाचायचे ते सांगणारा कायदा) याचं कलम ६अ हेच सांगतं: वेगळा उद्देश दिसत नसेल तर, सुधारणा करणारा कायदा निरसित झाला तरी त्याने मुख्य कायद्याच्या मजकुरात केलेला बदल तसाच राहतो. म्हणजे 'सुधारणा अधिनियम' मेलेला आणि 'सुधारित अधिनियम' जिवंत, अशी स्थिती रोज असते. मुद्रितशोधकांच्या दुरुस्तीने पुस्तिका नेमकी मेलेल्या कायद्याबद्दल बोलू लागेल.
आणि एक लक्षात घ्या, तो एकत्रित मजकूर सलग असा कुठल्याच सभागृहाने मंजूर केलेला नसतो. मूळ मंजूर होतो, तुकडे मंजूर होतात, जोडकाम कुणीतरी टेबलावर बसून करतं. वाद झाला तर राजपत्र बघायचं.

अक्षरशत्रू
६क.

पोटकलम
म्हणजे?

अक्षरशत्रू
कलम '६अ' नव्हे, '६क'. मराठी पाठात इंग्रजी ए-बी-सीच्या जागी क-ख-ग येतात. संविधानात शिक्षणाचा हक्क २१क, २१अ नाही. परभाषेचे शब्द हिंदीचे म्हणून नाकारायचे आणि क्रमांक मात्र कानाला येईल तसे लिहायचे?

जोडाक्षर
पंचवीस वर्षं वर्तमानपत्रात '४९८ अ' वाचलंय. १९८३ साली ते सासरच्या छळाचं कलम भारतीय दंड संहितेत आलं तेव्हापासून २०२४ मध्ये ती संहिता जाईपर्यंत पोलीस ठाण्यात, कोर्टाच्या आवारात, बायकांच्या तोंडी '४९८ अ'च होतं. '४९८क' म्हटलं असतं तर फिर्यादीलाही कळलं नसतं आपण कशाखाली फिर्याद दिली.

मोडीवाचक
हा तुमच्या शुद्धिवाद्यांचा नेहमीचा घोळ. सावरकरांनी 'कायदा' या शब्दाऐवजी 'निर्बंध' सुचवला होता. आज निर्बंध म्हटलं की कुणाला कायदा आठवतो? महापौर रुजला, दिनांक रुजला, निर्बंध भलतीकडे गेला. शब्द टिकतो की नाही हे लोक ठरवतात.

अक्षरशत्रू
शिवकाळात राज्यव्यवहारकोश (कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा) झाला नसता तर आपण आजही... जाऊ दे. क-ख-गला कारण आहे. स्वरमालेत अ-आ-इ घेतले तर '२१आ', '२१इ' असं करत लवकरच 'अं-अः'वर येऊन संपेल. व्यंजनं पुरतात.

तळटीप
सगळ्यांचे आभार, माहितीत फार भर पडली. पण मूळ मजकुराला काय म्हणू? 'मूळ अधिनियम' म्हटलं तर वाचकाला तो मुख्य अधिनियम वाटेल, आणि राजपत्रात 'मुख्य अधिनियम' म्हणतात तो तर सुधारणा ज्यात होते तो कायदा.

नित्यनवा
'मंजूर झाला तसा'. संपलं. प्रत्येक गोष्टीला नाम कशाला हवं?
बाकी पोटकलम यांच्या 'मेलेल्या' कायद्यावरून आठवलं. मंजूरही झालं, कुणी निरसितही केलं नाही, पण न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं, अशा कलमाला काय म्हणायचं? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ (हो, ६६क, कळलं) सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द ठरवलं. तरी पुढे कित्येक वर्षं त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते. २०२१ मध्ये हे न्यायालयापुढे आलं तेव्हा महान्यायवादींनी (केंद्र सरकारच्या मुख्य वकिलांनी) सांगितलं की, पुस्तकात कलम छापलेलं असतं, रद्द झाल्याचा उल्लेख तळटीपेत असतो, आणि पोलीस तळटीप वाचत नाहीत.

जोडाक्षर
तळटीप यांनी मनाला लावून घेऊ नये.

पोटकलम
प्रश्न रास्त आहे. न्यायालय कलम रद्द ठरवतं, पण मजकुरातून गाळण्याचं काम विधिमंडळाचं. म्हणून 'गाळलेलं' म्हणता येत नाही, 'निरसित'ही नाही. 'शून्यवत' म्हणतात, पण ते पोलीस ठाण्यात कुणी वाचेल असं वाटत नाही. तारखेचाही घोळ बघा: संविधानाच्या उद्देशिकेत 'आज दिनांक २६ नोव्हेंबर, १९४९ रोजी' असं लिहिलंय आणि वर 'समाजवादी धर्मनिरपेक्ष' आहे, जे ४२व्या सुधारणेने १९७६ साली आलं, अमलात ३ जानेवारी १९७७ पासून. एकाच वाक्यात दोन काळ. तारखेच्याच मुद्द्यावर लोक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २०२४ मध्ये याचिका फेटाळल्या. ती तारीख असली म्हणून सुधारणेचा अधिकार आटत नाही असं न्यायालयाने म्हटलं.

मोडीवाचक
उद्देशिका की सरनामा? आम्ही शाळेत सरनामा म्हणायचो.

जोडाक्षर
प्रास्ताविका!

अक्षरशत्रू
उद्देशिका. आणि क-ख-गचा मुद्दा अर्धवट सोडू नका. संविधानाचा अनुच्छेद २४३ पाहा. इंग्रजीत के, मराठीत ट, कारण क पासून मोजलं की अकरावा ट येतो. शेवटी झेड येतो तिथे सव्विसावा य येतो. अगदी बरोबर बसतं. म्हणून झेडएला '२४३यक'. 'झेडए' देवनागरीत लिहिण्यापेक्षा हे केव्हाही देखणं.

जुनी_वही
देखणं आहे, पण मोठ्याने वाचून बघा. आमच्या भागात "दोनशे त्रेचाळीस यक" म्हटलं तर समोरचा पुढचा आकडा 'दोन' कधी येतो याची वाट बघत बसेल.