लेखकांचे ‘जीवनपरिचय’ टाइप करून बोटं झिजली, आता पोरगी म्हणते साहित्यच शिकायचं

डीटीपीवाला_बर्डी

नमस्कार मंडळी. नागपुरात बर्डीवर माझं डीटीपी-बाइंडिंगचं (कॉम्प्युटरवर टाइप करून पुस्तक बांधून द्यायचं) दुकान आहे, जिन्याखालचं. एकोणीस वर्षांपासून पीएच.डी.चे प्रबंध टाइप करून राहिलो. आधी श्रीलिपीचे जुने फॉन्ट, आता युनिकोड. डावीकडे दीड इंच मार्जिन, काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. मराठीचं काम जास्त येते, इंग्रजीवाले घरीच लॅपटॉपवर करून घेतात.

मराठीच्या प्रबंधात पहिलं नाहीतर दुसरं प्रकरण ठरलेलं: ‘जीवन व व्यक्तिमत्त्व’. जन्म, बालपण, शिक्षण, विवाह, नोकरी, पुरस्कार, निधन. माझ्याकडे याची एक कोरी फाइलच करून ठेवली आहे, उपशीर्षकं तयार, नाव टाकलं की झालं. बालपणाखाली हमखास ‘घरची परिस्थिती बेताची होती, पण वाचनाचे संस्कार होते’. एकदा तर मागच्या लेखकाची दोन मुलं चुकून पुढच्या लेखकाच्या नावावर राहून गेली. तोंडी परीक्षा झाली, पदवीही मिळाली, कोणाच्या लक्षात आलं नाही. (चूक माझीच, कबूल.) सध्या मशीनवर मुक्तिबोध बंधूंवरचा तुलनात्मक प्रबंध आहे, दोघे भाऊ लेखक, एक हिंदीतले, एक मराठीतले. त्यात तर मज्जाच, आईवडील तेच, कॉपी-पेस्ट.

आता प्रश्न. पोरगी बारावी सायन्सला आहे. तिला पुढे बी.ए. करायचं आहे, मराठी आणि हिंदी वाङ्मय घेऊन. तिची आई गप्प आहे. साळे गप्प नाहीत. नोकरीचं मी विचारत नाही, ते पुढचं पुढे. मला वेगळंच विचारायचं आहे. लेखक कुठे जन्मला, भावंडं किती, नोकरी कुठे केली, हे शिकून माणसाला मिळते काय? पुस्तक वाचलं की झालं ना? मी एवढं टाइप केलं, मला तर पाठदुखी सोडून काही मिळालं नाही.

सेट_पास_पण

काका, तुम्ही नाही विचारलं तरी नोकरीचं सांगतो. एम.ए. मराठी, वर सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पास. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजात शिकवतो. तासाचे पैसे, तेही कधी सहा महिन्यांनी. मे-जूनमध्ये घरी. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेला मराठी वाङ्मय हा वैकल्पिक विषय घेता येतो, अडीचशे मार्कांचे दोन पेपर, तेवढा एक रस्ता पोरीला माहीत असू द्या. बाकी तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत असतं तर मी असा चिडचिडा झालो नसतो.

खामला_नाका

मी तुमच्या बाजूने. आमचे कवी ग्रेस घ्या. खरं नाव माणिक गोडघाटे, जन्म नागपूरचा, १९३७. ‘ग्रेस’ हे नाव इन्ग्रिड बर्गमनच्या एका सिनेमावरून घेतलेलं. हे मला कळून तीस वर्षं झाली, कट्ट्यावर शंभरदा सांगितलंही. त्यामुळे त्यांची एकही ओळ मला जास्त कळली नाही. ओळ भिडते ती अंधारात बसून पुन्हापुन्हा म्हटल्यावर. लेखकाची चौकशी म्हणजे स्थळ पाहायला गेल्यासारखं आहे, गोत्र काय, घर स्वतःचं की भाड्याचं.

निवृत्त_मास्तरीण

मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यातली निदान दहा वर्षं तुमच्या त्या कोऱ्या फाइलीसारखीच शिकवली. फळ्यावर जन्म, मृत्यू, ग्रंथसंपदा. मुलं उतरवून घ्यायची. तेव्हा रागावण्याचा हक्क मला नाही.

पण भाऊ, ‘आईवडील तेच, कॉपी-पेस्ट’ म्हणालात ना, तिथेच जरा थांबा. एका घरातले दोन भाऊ. घरात मराठी. उज्जैनमध्ये वाढले, वडील पोलीस खात्यात. थोरले गजानन माधव हिंदीत लिहायला लागले, धाकटे शरच्चंद्र मराठीत. आईवडील तेच आहेत म्हणूनच हा प्रश्न पडायला हवा! तुमच्या प्रबंधात ‘मातृभाषा : मराठी’ ही ओळ दोनदा आली असेल आणि दोन्ही वेळा पुढे ‘शिक्षण’ सुरू झालं असेल.

आता नागपूर. थोरले १९४८च्या सुमारास इथे आले. आधी सरकारी माहिती खातं, मग रेडिओ, मग एक हिंदी साप्ताहिक. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी, हिंदी-मराठी दोन्हींचा कारभार इथून चालायचा. १ नोव्हेंबर १९५६ला राजधानी गेली भोपाळला आणि आपण गेलो मुंबई राज्यात. गाव तेच, बर्डी तीच, कचेऱ्यांची भाषा मात्र पालटायला लागली. १९५८ला ते राजनांदगावच्या कॉलेजात शिकवायला गेले. १९६४ला वारले. स्वतःचा कवितासंग्रह हातात पडायच्या आधीच. धाकटे इथेच राहिले, मराठी शिकवत राहिले, १९७९ला साहित्य अकादमी मिळाली, १९८४ला गेले.

हे सगळं तुमच्या पहिल्या प्रकरणात असतंच. पाचव्या प्रकरणात कविता येते तोपर्यंत हे सगळं सगळे जण विसरलेले असतात. दुखणं आहे ते तिथे.

खामलावाल्यांचं ग्रेसबद्दल मला पटतं, टोपणनावाची गोष्ट ही गोष्टच असते. पण सगळी माहिती तसली नसते. थोरल्या मुक्तिबोधांची ‘अंधेरे में’ ही लांब कविता काढा. तुमच्या मशीनवर उतारे असतीलच. त्यात मध्यरात्री एक मिरवणूक जाते. तीत कोण कोण चाललंय ते नागपूरकर म्हणून वाचा. मी काही सांगणार नाही. पोरीलाही बसवा.

डीटीपीवाला_बर्डी

मॅडम, दोन दिवस लागले. दुकान बंद केल्यावर रात्री बसलो. हिंदी अवघड आहे, पोरीने मोबाइलवर शब्द पाहून दिले.

सापडला!

मिरवणुकीत बँडवाले आहेत, लष्करातले मोठे अधिकारी आहेत, मंत्री, उद्योगपती, समीक्षक, कवी, आणि त्यांच्याच रांगेत शहरातला कुख्यात खुनी, डोमाजी उस्ताद. अहो, डोमाजी! माझ्या आज्याचं नाव डोमाजी. आमच्या मौद्याकडे त्या पिढीत गावोगाव एखादा डोमाजी होताच. आणि उस्ताद म्हणजे आखाड्यातला, हे महाल-इतवारीच्या जुन्या माणसाला सांगावं लागत नाही. (आजा कुख्यात वगैरे नव्हता. बैलाच्या सौद्यात थोडाफार, तेवढंच.) म्हणजे हिंदीतल्या एवढ्या मोठ्या कवितेत, मंत्र्या-संत्र्यांच्या मधोमध आमच्याकडचा माणूस चालून राहिला.

पोरीने विचारलं, बाबा, हे नाव त्यांनी कुठे ऐकलं असेल? मी म्हटलं, कोण्या पानठेल्यावर, नाहीतर गिरणीच्या फाटकावर. पत्रकार माणूस, शहरभर फिरणारा. एम्प्रेस मिल तेव्हा चालू होती, शुक्रवारी तलावाच्या बाजूला. ती म्हणाली, तुम्हाला माहीत नाही ना, मग असं ठोकून नका सांगू. तेही खरंच आहे. पण रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं यावरच बोलत होतो. बारावी लागल्यापासून आमच्यात ‘जेवलीस का’ याच्यापुढे बोलणं गेलं नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगतो, लाज वाटते. हे नाव मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं असं नाही. प्रबंधात पान २१२वर उतारा आहे, मी स्वतः टाइप केला. संशोधक ताई बाहेरगावच्या. त्यांनी प्रूफमध्ये ‘डोमाजी’ला लाल गोल करून बाजूला ‘सोमाजी?’ लिहिलं होतं. मी दुरुस्ती म्हणून ‘सोमाजी’ करून टाकलं. माझ्या आज्याचं नाव मी माझ्याच बोटांनी खोडलं, आणि लगेच पुढच्या पानावर गेलो.

काल ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मार्गदर्शकांचं तपासून झालंय, आता काही हलवू नका, अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे चुकतील. मी म्हटलं, ताई, एका अक्षराने पान हलत नाही. मूळ कविता काढून फोटो पाठवला, मग ‘करा’ म्हणाल्या. ‘सो’चा ‘डो’ केला. पाच प्रती उद्या बाइंडिंगला जातील.

खामलावाले भाऊ, तुम्ही म्हणता तसं अंधारात बसूनच वाचलं, लाइट गेली होती. सेटवाल्या भाऊ, बी.ए.चे फॉर्म कधी सुटतात आणि हिंदी-मराठी दोन्ही वाङ्मय एकत्र घेता येते का, तेवढं सांगा. साळ्यांना मी पाहून घेतो.