क्लेगने झुलू संगीत ‘वाचवलं’ म्हणणाऱ्यांसाठी

माळरान:
काल एका ग्रुपवर दक्षिण आफ्रिकेतल्या जॉनी क्लेग आणि सिफो म्चुनू या गायक-वादक जोडीवरची पोस्ट वाचली. सार असं की एका गोऱ्या मुलाने आपल्या माळी मित्राला हाताशी धरलं आणि मरायला टेकलेलं झुलू लोकसंगीत वाचवलं. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

मरायला टेकलेलं कधी होतं ते? हे दोघं भेटले १९७० च्या आसपास. त्याच्या कितीतरी आधीपासून झुलू गिटारवादक जॉन भेंगू म्हणजे फुझुशुकेला रेकॉर्डिंग करत होता. जोहान्सबर्गमधल्या कामगारांच्या हॉस्टेलांत सुट्टीच्या दिवशी नाचाच्या चढाओढी लागायच्या. बायकापोरं तिकडे नातालला गावी, पुरुष इकडे वर्षवर्षभर एकटे, आणि त्यांच्या हातात गिटार नाहीतर काँसर्टिना, म्हणजे हातात धरायची छोटी भात्याची पेटी. हे संगीत त्यांनीच जिवंत ठेवलं होतं, स्वतःसाठी.

क्लेग शिकला कुणाकडून? चार्ली म्झिला नावाच्या सफाई कामगाराकडून, तेही शाळकरी वयात. आणि म्चुनू त्याच्याकडे आला तो आव्हान द्यायला, एक गोरा पोरगा झुलू गिटार वाजवतो असं कानावर आलं म्हणून. नातालमधल्या क्रान्सकॉपकडचा माणूस, शहरात बागकाम करायचा, पण वादक म्हणून तयार होऊन आलेला होता. पोस्टमध्ये त्याचा ‘माळी मित्र’ झाला, नाव एकदाच, तेही चुकीचं लिहिलेलं.

रात्रपाळी:
माळरान, तुझा राग कळतो पण तू दुसऱ्या टोकाला जातोयस. क्लेगला पंधराव्या वर्षाच्या आसपास पोलिसांनी उचललं होतं, का तर काळ्यांच्या हॉस्टेलात जातो म्हणून. या दोघांनी एका स्टेजवर उभं राहणं हेच तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यात बसत नव्हतं. चर्चचे हॉल, विद्यापीठं, कुणाचं तरी घर, असं लपतछपत वाजवायचे आणि तिथेही पोलीस येऊन कार्यक्रम बंद पाडायचे. इंग्रजी आणि झुलू एकाच गाण्यात घेतलं तर सरकारी रेडिओला ते चालायचं नाही, भाषासुद्धा वेगवेगळ्या ठेवायच्या होत्या त्यांना. अशात १९७९ ला जुलुका या त्यांच्या बँडचा ‘युनिव्हर्सल मेन’ अल्बम काढणं खायचं काम नव्हतं.

आणि खरं सांग, फुझुशुकेलाचं नाव तुला कुठून कळलं? मला तर क्लेगमुळे कळलं. कॉलेजात मित्राच्या मोठ्या भावाकडे जुलुकाची कॅसेट होती, तिथून सुरुवात. माझ्यासारखे कितीतरी असतील.

माळरान:
तुला कळलं म्हणजे ते वाचलं असं होतं का? तुझ्या कॅसेटच्या आधी ते नव्हतंच का? माझं भांडण एवढ्याचसाठी आहे.

जोबर्गकर:
इथे जोहान्सबर्गलाच राहतो म्हणून बोलतो. आमच्या साइटवरचा फोरमन म्सिंगाचा, झुलू मुलखातला आहे. बक्कीत (पिकअप गाडीत) बसला की मस्कान्दी, म्हणजे हेच गिटारवरचं झुलू संगीत चालू, सकाळी उखोझी एफएम हे झुलू रेडिओ स्टेशन, नंतर पेनड्राइव्ह. त्याला क्लेग माहितीये, आदरही आहे, पण तो रोज ऐकतो श्वी नोम्तेखाला. जोडीचंच कौतुक करायचं तर ही जोडी घ्या ना, दोघंही झुलू, गातात झुलू माणसांसाठी, मराठी ग्रुपवर त्यांच्यावर पोस्ट आलेली मी तरी पाहिली नाही.

एकदा त्याने मला गाडी बाजूला घेऊन नीट ऐकवलं. गाणं सुरू व्हायच्या आधी गिटारवर बोटं भरभर फिरतात, ते इझिहलाबो. त्यातच वादक किती पाण्यात आहे ते कळतं, म्हणाला. मग गाणं, आणि मध्येच गिटार चालू ठेवून धडाधड बोलणं, मी अमक्याचा, अमक्या गावचा, अमक्या नदीकाठचा, कुणाला भीत नाही. ते ऐकताना फोरमन स्वतः ओठ हलवत होता. कुणी वाचवायची वाट बघत बसलेलं संगीत नाही हो हे.

तिसरी_घंटा:
सगळे पैशाबद्दल गप्प. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये ‘म्बुबे’ हे गाणं रेकॉर्ड केलं, हक्क गेले दहा शिलिंगांत. पुढे त्याचंच ‘द लायन स्लीप्स टुनाईट’ झालं, जगाने डोक्यावर घेतलं, आणि लिंडा १९६२ ला गरिबीतच गेला. मुलींना तडजोड मिळायला २००६ उजाडलं. झुलू संगीत ‘जगभर पोचलं’ म्हणून नाचता ना, ते असं पोचलंय.

रात्रपाळी:
याचा क्लेगशी काय संबंध? म्चुनू जुलुकात बरोबरीचा होता, गाणी लिहायचा, गायचा. १९८२ चा ‘उबुहले बेम्वेलो’ अल्बम तर अख्खा झुलूत आहे. लिंडाला लुबाडलं त्याचं बिल क्लेगच्या नावावर का फाडताय?

तिसरी_घंटा:
संबंध आहे. माझे मामा संबळ वाजवतात, जागरण-गोंधळात अख्खं आयुष्य गेलं. शहरातून एकजण आला, गोड बोलून रेकॉर्ड करून गेला, नंतर तीच चाल एका अल्बमवर आली, खाली लिहिलेलं ‘पारंपरिक’. मामांचं नाव नाही, एक रुपया नाही. ‘पारंपरिक’ लिहिलं की मालक कुणीच नाही आणि ज्याच्याकडे स्टुडिओ तोच मालक. त्यामुळे कुणी लोकसंगीत ‘वाचवलं’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न, कागदावर नाव कुणाचं?

जोबर्गकर:
हे मात्र पटतं. नवी पोरं चांगली वाजवतात आणि करारात अडकतात ही तक्रार इथेही ऐकतो.

रात्रपाळी:
मामांचं वाईट वाटलं, मनापासून. पण आता धागा पूर्ण रॉयल्टीवर गेलाय आणि ज्या माणसाने तुरुंगाची भीती पत्करली तो आरोपी होऊन बसलाय. ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरच्या सांस्कृतिक बहिष्काराच्या नावाखाली त्यालाच अडवलं होतं. तिकडे सरकार मागे, इकडे सरकारविरोधक मागे. तुम्हीही तेच करताय. चीड येते.

अबोली:
मघापासून वाचतेय. गिटार, गिटार, गिटार. अहो, गिटार आणि काँसर्टिना दोन्ही युरोपातून आलेली. त्यांनी ती आपलीशी केली, बारीक तार ई वरून डी वर उतरवून स्वतःचा बाज काढला, मान्य. पण त्याआधीचं काय? उगुभू आणि उमाखवेयाना कुणाच्या तोंडात नाहीत, कारण ती मुख्यतः बायकांची वाद्यं.

एक धनुष्य, एक तार, खाली भोपळा. काडीने तारेवर ठोका द्यायचा आणि भोपळ्याचं तोंड छातीशी कधी जवळ कधी लांब करायचं, त्यातून वरचे सूर उघडतात आणि मिटतात. सोबत बाई स्वतः गाते. राजकन्या कॉन्स्टन्स मागोगो हे वाजवायच्या, झुलू राजकारणी मांगोसुथू बुथेलेझींच्या आई. राजघराण्यातली जुनी गाणी त्यांना पाठ होती, १९८४ ला गेल्या. रेकॉर्डिंग आहेत म्हणून आपल्याला ऐकता तरी येतात. आटत चाललेलं काही असेल तर ते हे आहे. मी सतार शिकलेय, एका तारेतून एवढं निघतं हे ऐकून सुन्न झाले होते. यासाठी कुणीच भांडत नाही याचा मला राग आहे.

माळरान:
अबोलीताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. याच्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला येईन.

रात्रपाळी, क्लेगचं धैर्य मी नाकारलेलं नाही. जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवायचा, स्थलांतरित कामगारांच्या नाच-गाण्यावर त्याने अभ्यासाने लिहिलं, तो स्वतः त्यांना गुरूच मानायचा. भक्तांनीच त्याला तारणहार केलंय. आणि १९८५ मध्ये गट ऐन भरात असताना म्चुनू गावी परत गेला, गुरं पाळायला. ते पोस्टवाल्याने ‘प्रसिद्धी झेपली नाही’ असं लिहिलंय. संताप झाला माझा. ज्या गावातून ती गाणी आली त्या गावात जाऊन राहणं म्हणजे न झेपणं? तिकडूनही त्याने स्वतःचं संगीत चालू ठेवलं, १९९७ ला जुलुकाचा अल्बम पुन्हा दोघांनी मिळून केला.

रात्रपाळी:
‘झेपली नाही’ हे वाक्य चूकच आहे, त्यावर वाद नाही. ठीक, ‘वाचवलं’ सोडतो. पण सरकार माणसं वेगळी ठेवायला बघत होतं तेव्हा त्याने ते संगीत गोऱ्या पोरांच्या घरात नेलं, एवढं श्रेय त्याला दिल्याशिवाय मी हटणार नाही.

माळरान:
त्याने नाही, दोघांनी. एवढं लिही, मग माझी हरकत नाही.

रात्रपाळी:
बरं, दोघांनी.

तिसरी_घंटा:
आणि कागदावर?