समासातला ससा: आधी मजकूर, आधी सोनं की आधी चित्र?

गोदाकाठचा_बोरू

ऑगस्टमध्ये नाशिकला दोन दिवसांची सुलेखन कार्यशाळा आहे. मध्ययुगीन युरोपातल्या सचित्र पोथ्यांच्या धर्तीवर तिथे दाखवायला एक पान करतोय. मजकूर देवनागरीत, बोरूने. खालच्या समासात ससे शिकाऱ्याला दोरीने बांधून नेताहेत. हातकागद, १४ × २१ सेंमी. तीन ठिकाणी गाडी अडलीये.

चित्र आधी काढलं तर लिहिताना शाई रंगावर फुटते आणि सोनं शेवटी लावलं तर वर्ख रंगालाही चिकटतो. मग क्रम काय ठेवायचा? दुसरं, मिठाईवर लावतात तो वर्ख डिंकावर बसवला होता, तीन आठवड्यांत काळवंडला. तिसरं, पानाशेजारच्या फलकावर 'कंटाळलेल्या साधूंनी काढलेली चित्रं, १२ वं शतक' असं लिहिलंय. चालेल का?

समास_सोडून

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तो फलक तसाच लागला तर बाकी मेहनत पाण्यात.

शतक चुकलंय. अशा समासचित्रांचा बहर साधारण १२५० ते १३५० मधला, तोही उत्तर फ्रान्स, फ्लँडर्स आणि इंग्लंडात. तुमचे ससे बहुधा 'स्मिथफील्ड डिक्रेटल्स'मधले आहेत. ही प्रार्थनेची पोथी नव्हे, नववा ग्रेगरी या पोपच्या धर्मकायद्याचा ग्रंथ आहे. मजकूर दक्षिण फ्रान्समध्ये १३०० च्या सुमारास लिहिला गेला, तळची चित्रं लंडनमध्ये १३४० च्या आसपास भरली गेली. ससा बाण मारतो, शिकाऱ्याला बांधतात, न्यायाधीश ससा निवाडा देतो आणि मुंडकं उडवतात. कायद्याच्या पुस्तकातच खटला चालवलाय, मस्करी तिथे आहे. फलकावर हे लिहा.

आता 'कंटाळलेले साधू'. त्या काळापर्यंत हे काम बऱ्याच अंशी शहरातल्या पगारी कारागिरांकडे गेलं होतं. पॅरिसमध्ये रिचर्ड आणि जान द मोंबास्तों हे नवरा-बायको हाच धंदा करत. तो वारल्यावर तिने १३५३ मध्ये विद्यापीठापुढे ग्रंथव्यावसायिक म्हणून शपथ घेतली. त्यांच्याच एका पोथीच्या समासात दोघं कामाला बसलेले दिसतात, मागे रंगवलेली पानं वाळत टाकलेली.

साधा पुरावा हवा असेल तर सोनं बघा. सोनं रंगाच्या आधी बसवावं लागतं. म्हणजे समासातल्या एखाद्या माकडाच्या टोपीला सोनं असेल, तर रंगाचा पहिला हात फिरण्याआधीच ती टोपी ठरलेली होती आणि तिचे पैसे कुणीतरी मोजणार होतं. हा मोकळ्या वेळातला चाळा नव्हे. कंटाळलेल्या लेखनिकाने कडेला लेखणी चालवून बघितलेल्या रेघोट्याही सापडतात, पण ते प्रकरण वेगळं.

घोटणी

वरच्यांचं बरोबर. आता हाताचं काम.

क्रम असा: आखणी, मजकूर, चित्राची कच्ची रेघ, सोन्याखालचा चिकट थर, सोनं, घोटाई (घासून चकाकी आणणं), सपाट रंग, गडद छटा, पांढरे उजाळे, आणि सगळ्यात शेवटी काळी बाह्यरेषा. सोनं आधी का? वर्ख जिथे जरा ओल किंवा चिकटपणा सापडेल तिथे बसतो, आणि डिंकातला रंग हा चिकट पृष्ठभागच असतो. शिवाय घोटताना शेजारचा रंग खरवडला जातो. बाह्यरेषा शेवटी, कारण सोन्याच्या फाटक्या कडा तीच झाकते.

तुमचा वर्ख काळवंडला कारण तो चांदीचा होता. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. जुन्या पोथ्यांतली चांदीही अशीच काळी पडलीये. २४ कॅरटचा सुटा सोन्याचा वर्ख घ्या. पितळेचा 'नकली वर्ख' घेऊ नका. तो जाड असतो, फुंकरेच्या ओलीवर धरत नाही आणि पुढे हिरवट होतो.

थराची जुनी पद्धत: विझवलेलं प्लॅस्टर ८ भाग, सफेदा ३, साखर १, माशाचा सरस १, आणि रंग दिसावा म्हणून चिमूटभर लाल माती. सफेदा म्हणजे शिसं, तेव्हा कार्यशाळेत हे नको. पांढरा फेव्हिकॉल आणि पाणी समसमान, त्यात गेरूची चिमूट. ब्रशने दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. बुडबुडा दिसला तर ओला असतानाच सुईने फोडा, नंतर तिथे सोन्याला खड्डा पडतो. वाळल्यावर कागदाची नळी करून त्यातून दोन-तीनदा तोंडाची वाफ सोडा, लगेच वर्ख ठेवा, वरून बटर पेपर धरून बोटाने दाबा. अर्ध्या तासाने अकीकाच्या घोटणीने आधी बटर पेपरवरूनच घोटा, मग हलक्या हाताने थेट. पंखा बंद. हे लिहायची गरज पडू नये, पण वर्ख उडाल्यावरच सगळ्यांना आठवतं.

जुन्या थरात साखर असते ती हवेतली ओल ओढायला. म्हणून नाशिकच्या पावसाळ्यात तो थर वाळतच नाही आणि घोटताना सोनं सोलून निघतं, तर एप्रिल-मे मध्ये इतका कोरडा पडतो की वाफेला दाद देत नाही. ऑगस्टमध्ये फेव्हिकॉलचा थर आदल्या रात्री देऊन ठेवा आणि वाफ एकदाच सोडा.

रंग. बाभळीचा डिंक १ भाग, पाणी २ भाग, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. डिंक जास्त झाला तर रंग तडकतो, कमी पडला तर बोटाला येतो. जुन्या कारागिरांचं दुसरं बंधक (रंग धरून ठेवणारं द्रव्य) अंड्याचं पांढरं: भांडं उलटं केलं तरी पडणार नाही इतकं फेटायचं, रात्रभर ठेवायचं आणि खाली साचलेलं पाणीच तेवढं वापरायचं.

हिंगूळ (पारा), शेंदूर (शिसं), हरताळ (आर्सेनिक) हे त्यांचे नेहमीचे रंग, पण नवशिक्यांच्या हाती देऊ नका आणि ब्रशला टोक काढायला तोंडात तर मुळीच घालू देऊ नका. हरताळाशेजारी सफेदा किंवा जंगाल (तांब्यापासूनचा हिरवा रंग) आला की रंग काळवंडतो. जंगाल तर काही वर्षांत कागदच खातो, पान हिरव्याच्या कडेने तुटतं. साधा गुआश (अपारदर्शक जलरंग) वापरा.

जाता जाता: युरोपीय भाषांतला 'मिनिएचर' हा शब्द 'लहान'वरून आलेला नाही, तो 'मिनियम'वरून, म्हणजे आपला शेंदूर.

त्रिरश्मी

मांडणीबद्दल कुणी बोललं नाही. तुमचं पान २:३ प्रमाणात आहे, हे फार सोयीचं. रुंदी आणि उंचीचे नऊ-नऊ भाग करा. शिवणीकडचा समास १ भाग (१.५६ सेंमी), वरचा १ (२.३३), बाहेरचा २ (३.११), खालचा २ (४.६७). मजकुराची उंची बरोबर १४ सेंमी येते, म्हणजे पानाच्या रुंदीइतकी. नाही आली तर आखणी चुकली. ससे त्या पावणेपाच सेंमीत. पण हवेत तरंगू देऊ नका. पहिल्या मोठ्या अक्षराच्या शेपटातून वेल काढा, ती समासातून खाली आणा आणि तिच्याच आडव्या फांदीवरून मिरवणूक चालू द्या. जुन्या पोथ्यांत बहुतेक वेळा असंच असतं.

लॅटिन लिपीला शिरोरेषा नाही, आपल्याला आहे. माकड लटकवायला यापेक्षा चांगली जागा कुठली? उकाराची शेपटी त्याच्या हातात द्या. दुसरं पान करणार असाल तर गोगलगायीशी लढणारा सरदार घ्या. १३०० च्या आगेमागे ते चित्र डझनांनी सापडतं, आणि 'गोगलगाय नि पोटात पाय' म्हणणाऱ्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. फक्त 'गोगलगाय म्हणजे लोंबार्ड (उत्तर इटलीतले) सावकार' असं फलकावर ठोकून देऊ नका. तो लिलियन रँडल यांनी १९६२ मध्ये मांडलेला तर्क आहे, सगळ्यांना मान्य नाही.

क्लेअरव्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड याची 'ही हास्यास्पद राक्षसं कशाला?' ही तक्रारही या चित्रांखाली चिकटवू नका. ती सुमारे ११२५ ची, मठातल्या दगडी कोरीवकामाबद्दलची. त्यापेक्षा मुलांना पांडवलेण्यात न्या. ३ नंबरच्या लेण्यात भिंतीवर राजघराण्याचा गंभीर दानलेख आणि खाली अख्खा व्हरांडा खांद्यावर पेलणारे, जमिनीतून अर्धेच वर आलेले गण.

गोदाकाठचा_बोरू

फलक बदलला. सोन्याखालचा थर आज रात्री देतो. पण नवीन भानगड: लिहिताना चौथी ओळच सुटली. त्या पोथ्यांसारखं चामड्याचं पान असतं तर खरवडलं असतं, हातकागद खरवडला की शाई फुटते. हरताळ फासू का?

समास_सोडून

नको, पिवळा पट्टा उठून दिसेल आणि वरचं विष पुन्हा आत येईल. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात १३०० च्या सुमाराची एक इंग्रजी प्रार्थनापोथी आहे, डब्ल्यू १०२. तिच्यात सुटलेला मजकूर तळाच्या समासात लिहिलाय, त्याला दोरी बांधलीये आणि एक माणूस तो ओढत जागेवर नेतोय. मजकूर आधी, चित्र नंतर, याचा याहून ठळक पुरावा नाही.

तुमच्या सशांकडे दोरी आहेच. सुटलेली ओळ खाली चौकटीत लिहा, शिकाऱ्याला मोकळं करा आणि दोरी तिला बांधा. वरचं टोक बाहेरच्या समासातून तिसऱ्या आणि पाचव्या ओळीच्या मधे न्या. दोरी सोन्याची करणार असाल तर आज रात्रीच्या थरात धरा, उद्या उशीर होईल.