मदत हवी आहे: हेळव्याच्या वहीतला भरमा आणि फेरफारातला भरमा एकच का?

मंडळी नमस्कार. गाव खानापूर तालुक्यात, राहायला बेळगावात. दोन वर्षं घराण्याची वंशावळ जमवतोय आणि एका नावापाशी गाडी रुतलीय. जुने कागद वाचणारं कोणी असेल तर बघा जरा.

आजोबांचं नाव रामा, शाळेच्या रजिस्टरात जन्म १९३६. त्यांचे वडील भरमा, इथवर घरात सगळ्यांना ठाऊक. त्याच्या वर अंधार. आमच्यात नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, त्यामुळे रामाचा भरमा, भरमाचा रामा असा रहाट चालूच. जुन्या कागदांत आडनाव लिहायची पद्धतच नाही.

गेल्या सुगीला हेळवी आले, म्हणजे गावोगाव फिरून कुळांच्या वंशावळी वहीत ठेवणारे. त्यांचा बाप बैलावर बसून यायचा, हे मोटारसायकलवर आले. वही मात्र तीच, कापडात गुंडाळलेली. सोप्यात बसून कुळी कुठली, कुठनं उठून कुठं आलो, कोणाला किती पोरं, सगळं एका दमात वाचलं. पायली भात आणि धोतराचे पैसे दिले. लेकींची नावं का नाहीत विचारलं तर म्हणाले, "लेकी सासरच्या वहीत." त्या वहीत आहे: भरमा बिन रामा (रामाचा मुलगा भरमा), शके १८४०, मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत वारले. म्हणजे १९१८. मग १९३६ ला त्यांना मुलगा कसा?

दुसरा कागद १९२३ च्या फेरफाराची (जमीन कोणाच्या नावावर झाली त्या सरकारी नोंदीची) नक्कल, मोडीत. मोडीच्या वर्गाला जाणाऱ्या एका पोराने अक्षर न् अक्षर उतरवून दिलं: "भरमा रामा अपाक आ गंगा". मेल्यावर पाच वर्षांनी जमीन नावावर! 'अपाक' हे आमचं जुनं आडनाव असावं असा माझा अंदाज.

तेवढ्यात पुण्याच्या चुलतभावाने गेनी या वंशावळीच्या वेबसाइटवर झाड लावूनही टाकलं. दोन्ही भरमा एक केले, आडनाव अपाक. आता तिथे आमचे आजोबा बाप वारल्यावर अठरा वर्षांनी जन्मलेत. वर जिवंत माणसांच्या जन्मतारखा, आईचं माहेरचं आडनाव, सगळ्याचे फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर. एक काका तर तेव्हापासून माझ्याशीच बोलेनात. "झाड कशाला काढतोस गा, वाटणी मागायची हाय काय?" कर्नाटकात १९९४ पासून लेकींना वडिलार्जित जमिनीत वाटा आहे, तेव्हा झाडात आत्यांची नावं दिसली की लोक दचकतात.

तर प्रश्न तीन. वही चुकली की फेरफार? भावकीतलं एक घर चंदगडकडे आहे. १९५६ ला चंदगड कोल्हापुरात गेलं, आम्ही इकडे राहिलो. त्यांचे त्याआधीचे कागद बेळगावात मागायचे की तिकडे? आणि नेटवर किती टाकावं?

प्रतिसाद: मोडीवाला
वहीही बरोबर, फेरफारही बरोबर. 'अपाक' आडनाव नव्हे हो! अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता. 'आ' म्हणजे आई. वारस अठराच्या आतला असला की असं लिहीत. म्हणजे १९२३ चा भरमा १९०५ नंतर जन्मलेला पोर, आणि आई पालनकर्ती आहे त्या अर्थी बाप रामा तोवर वारलेला. मानमोडीत गेलेला भरमा हा या पोराचा आजोबा असणार. तुमच्या झाडात मधला रामा गळलाय.
त्याच फेरफाराच्या मजकुरात जमीन कोणाच्या नावावरून आली ते असतं. "मयत" शब्दाच्या आजूबाजूला बघा. आणि बायका शोधायच्या तर 'कोम' शोधा. 'गंगा कोम रामा' म्हणजे रामाची बायको. शकाच्या आकड्यात ७८ मिळवता ते ठीक, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची मिती असेल तर ७९.

प्रतिसाद: चंदगडचा
आमचे १९५६ च्या आधीचे उतारे चंदगड तहसीलच्या रेकॉर्डातच मिळाले. बेळगावला दोन खेपा फुकट घातल्या होत्या. गाव, सर्व्हे नंबर आणि साल लिहून अर्ज द्या, नुसत्या नावावर कोणी शोधत नाही. तिकडचा सातबारा मराठीत, तुमची पहाणी (कर्नाटकातला सातबारा) कानडीत, तेव्हा माणसं नावावरून नको, सर्व्हे नंबरावरून जुळवा.

प्रतिसाद: खानापूरची लेक
मूळ झाड आपल्या कॉम्प्युटरवर ठेवा. ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातून गेडकॉम फाइल (कुठल्याही वंशावळीच्या सॉफ्टवेअरात उघडणारी) काढून कोणालाही देता येते. फॅमिलीसर्च ही वेबसाइटही फुकट, तिथे जिवंत माणूस सहसा फक्त टाकणाऱ्याला दिसतो. पण मेलेल्यांची नोंद कोणीही येऊन बदलू शकतो, हे धरून चाला. आईचं माहेरचं आडनाव उघड्यावर नकोच, बँकवाले तेच विचारतात. आणि काकांना सांगा, नाडकचेरीतून (इथल्या महसूल कचेरीतून) वारसासाठी काढतात ते वंशवृक्ष वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही. लेकींची नावं मात्र घाला बाई, आमची कुणी घातली नाहीत.

धागाकर्ता
मोडीवाले, साष्टांग! नक्कल भिंगाखाली धरून परत बघितली. अ, पा आणि क यांच्यामध्ये बारीक टिंबं आहेत. पोराने कागदावरचे डाग समजून सोडली होती. खालच्या ओळीत "मयत रामा भरमा" पण आहे. भाऊ बिचारा रात्रीच बसून गेनीवर दुरुस्ती करतोय, अपाक आडनाव गेलं. जिवंत माणसं काढायला सांगितलीत.

काकांना फोन केला. आधी उचलला नाही. मग गंगा हे नाव मेसेज केलं तर त्यांचाच फोन आला. म्हणाले, आमची आजी जात्यावर एक ओवी गंगाबाईच्या नावाची म्हणायची, आम्हाला वाटायचं नदीची. शब्द आठवत नाहीत त्यांना, थोरल्या आत्याला असतील. रविवारी दोघं मिळून तिच्याकडे जाणार आहोत. गंगाचं माहेर कळलं तर इथंच लिहितो, धागा बंद करू नका.