मदत हवी आहे: स्ट्रक्टचा आकार चुकला तर बिल्डच अडलं पाहिजे, कसं करू?

राम राम मंडळी. वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. ठिबकाच्या व्हॉल्व्हपाशी ओल मोजायला ऊनो (आर्डुइनोचे छोटे बोर्ड) लावलेत, विहिरीवर मोटरच्या पेटीत ईएसपी३२ (३२ बिटी बोर्ड) आहे, मधे एनआरएफ२४ रेडिओ. रेडिओवरून जाणारं पॅकेट म्हणजे एक स्ट्रक्ट, वेगवेगळ्या फील्डचा एकत्र गठ्ठा. तो असा (फोनवरून लिहितोय, कोडही देवनागरीतच चालवून घ्या):

स्ट्रक्ट पॅकेट {
  यूइंट८ नोड;
  यूइंट३२ वेळ;
  यूइंट१६ ओल;
  यूइंट८ मोटर;
};

साइझऑफ (म्हणजे एकूण किती बाइट) ऊनोवर ८ येतो, ईएसपी३२ वर १२. कारण समजलंय. ऊनोची चिप ८ बिटी, तिला अलाइनमेंटशी घेणंदेणं नाही. ईएसपी३२ मात्र 'वेळ' चारच्या पटीतल्या पत्त्यावर ठेवतो, म्हणून 'नोड'नंतर तीन बाइट रिकामे आणि शेवटी एक. आलेले ८ बाइट शून्य केलेल्या स्ट्रक्टमध्ये तसेच कॉपी केले की ते 'ओल'पर्यंत पोचतच नाहीत. ओल शून्य, म्हणजे बाग कोरडी, म्हणजे मोटर चालू. आंबिया बहारासाठी बाग ताणावर सोडलीय, पाणी तोडलंय हो! आत्ता पाणी गेलं तर बहार कसा धरायचा?

#इफ साइझऑफ(पॅकेट) != ८ करून पाहिलं, ते कंपाइलच होत नाही. साधा असर्ट (अट मोडली की प्रोग्राम थांबवणारी ओळ) चालतो, पण तो प्रोग्राम चालू झाल्यावर बोलणार. थ्री फेजची पाळी रात्रीची, तेव्हा शेतात सिरीयल मॉनिटर कोण बघत बसेल? लॅपटॉपवरच लाल ओळ यावी असा काही उपाय आहे का? ऊनोत रॅम २ केबी आहे, त्यामुळे तपासणीनं जागा खाल्लेली परवडणार नाही.

प्रतिसाद १:
भाऊ, #इफ प्रीप्रोसेसर बघतो. तो कंपाइलरच्या आधी धावतो, त्याला टाइप माहीतच नसतात, मग साइझऑफ कुठून कळणार? स्ट्रक्टच्या खाली हे टाका:

स्टॅटिक_असर्ट(साइझऑफ(पॅकेट) == ८, "पॅकेट ८ बाइटचं हवं, फील्डचा क्रम बघा");

सी++११ पासून आहे आणि .इनो फाइल सी++ म्हणूनच कंपाइल होते, वेगळी लायब्ररी नको. अट कंपाइल होतानाच तपासली जाते, चिपवर एक बाइटही जात नाही. सी++१७ च्या आधी संदेश सक्तीचा आहे. तसाही लिहाच, आणि काय करायचं ते त्यात लिहा. नुसतं "चूक" लिहून भागत नाही. सेन्सरचं रीडिंग मात्र यात तपासता येणार नाही, अट कंपाइलरला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींचीच लागते.

प्रतिसाद २:
असर्ट फक्त अडवेल. दुरुस्तीसाठी मोठं फील्ड आधी घ्या: वेळ, ओल, नोड, मोटर. दोन्हीकडे ८ च येतात, रिकामी जागा उरतच नाही. कोणी पॅक्ड अ‍ॅट्रिब्यूट (रिकामी जागा ठेवू नको असं सांगणारं) सुचवेल. त्यानंही होतं, पण मग 'वेळ'चा रेफरन्स फंक्शनला द्यायला गेलात की जी++ नाही म्हणतो. क्रम बदलून भागत असताना तो ताप काऊन घ्यायचा?

प्रतिसाद ३:
आकारावर विसंबू नका. नोड आणि मोटर दोन्ही एकेक बाइटचे. एका स्केचमध्ये (आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये) त्यांची अदलाबदल झाली तरी बेरीज ८ च. ऑफसेटऑफ(पॅकेट, नोड) == ६ अशी प्रत्येक फील्डची स्टॅटिक_असर्टची ओळ टाका; ऑफसेटऑफ म्हणजे फील्ड सुरुवातीपासून किती बाइटवर आहे ते. आणि स्ट्रक्ट दोन स्केचमध्ये दोनदा लिहिलेलं असेल तर आधी ते काढा. एकच हेडर आर्डुइनोच्या लायब्ररीज फोल्डरमध्ये ठेवा, असर्टही त्यातच. नाहीतर दोन्ही नकला आपापल्या घरी बरोबर ठरतील आणि भांडण रेडिओवर होईल.

धागाकर्ता:
चाललं! जुन्या क्रमानं मुद्दाम बिल्ड केलं, ऊनोला पास, ईएसपी३२ ला 'स्टॅटिक असर्शन फेल्ड' आणि पुढे माझाच मराठी संदेश. आता अजून एक. व्हॉल्व्हचा एनम (क्रमांक दिलेल्या नावांची यादी) आहे, त्यांच्या नावांचा अ‍ॅरे वेगळा. एनममध्ये व्हॉल्व्ह वाढवला आणि नाव टाकायचं राहिलं तर तेही असंच पकडता येईल?

प्रतिसाद १:
येईल. एनमच्या शेवटी व्हॉल्व्ह_संख्या ठेवा, मग:

स्टॅटिक_असर्ट(साइझऑफ(नावं) / साइझऑफ(नावं[०]) == व्हॉल्व्ह_संख्या, "व्हॉल्व्हचं नाव राहिलं");

फक्त अ‍ॅरे नावं[] असा रिकाम्या कंसानं लिहा. कंसात व्हॉल्व्ह_संख्या घातलीत तर आकार नेहमीच जुळेल, राहिलेल्या जागी नल पॉइंटर बसेल आणि असर्ट गप्प राहील.